झेंडीला उत्तर

१

आमच्याकडे गडी माणसानं छंद पाळला की लोक बायकोची कीव करतात. मी ब्रह्मपुरीत फोटो स्टुडिओ चालवतो, लग्नं करतो, साक्षगंध करतो, पासपोर्ट साइज काढतो, तोवर ठीक. पण रविवारी कॅमेरा घेऊन नागभीडच्या पलीकडे जंगलात जातो आणि रेल्वेगाड्यांचे फोटो काढतो म्हटलं की समोरचा माझ्याकडे बघतच राहतो. "वाघ सोडून इंजिन?" अरे बाबांनो, वाघाच्या मागे अख्खी दुनिया लागली आहे. डोंगराच्या वळणावर अंग तिरपं करून येणारी कोळशाची मालगाडी पाहिली आहे का कधी? नाही ना? मग गप बसा.

माझी जागा ठरलेली. अस्वलखोरीचं रेल्वे गेट. दोन टेकड्यांच्या मधून लाइन येते, आधी गेट लागतं, मग लांबलचक वळण. वळणाच्या टोकाला एक उंचवटा आहे, तिथे मी बसतो. नागभीडकडून येणारी गाडी तिथून पूर्ण दिसते. आणि लांब लेन्स लावली तर गेटही दिसतं, गेटची पिवळी खोली दिसते, आणि खोलीसमोर उभी असलेली माझी बायकोही.

ललिता त्या गेटवर गेटमन आहे. गेटवुमन म्हटलं की चिडते. "ऑर्डरीत गेटमन लिहलं आहे, तेच म्हना." परीक्षा देऊन लागलेली, गावातली पहिली. मी सकाळी तिला फटफटीवर सोडतो, आणि रविवार असला की तिथेच गाड्या टिपत बसतो. तेवढीच सोबत. आजूबाजूला सागाचं रान, वाघाचा वावर, आणि ती एकटी.

काम सरळ आहे. स्टेशनातून फोन आला की गेट बंद करायचं, नारंगी जाकीट घालून खोलीसमोर उभं राहायचं, गाडीला हिरवी झेंडी दाखवायची. म्हणजे सगळं ठीक आहे. खोली डाव्या हाताला, पायलटच्या म्हणजे इंजिन ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणून इंजिनातून पायलटही हात बाहेर काढून हिरवी झेंडी दाखवतो. म्हणजे पाहिलं. झेंडीला उत्तर द्यावंच लागतं. ललिताला हे फार आवडायचं. म्हणायची, "दिवसभर कोनी बोलाले नसते, पन येवढी मोठी गाडी मले उत्तर देऊन जाते."

२

मार्चमधली गोष्ट. स्टुडिओत कॉम्प्युटरवर रविवारचे फोटो लावत होतो. एका मालगाडीचा फोटो झकास आला होता. वळण, मागे टेकडी, पानगळीनं मोकळं झालेलं रान. फक्त इंजिनाच्या उजव्या खिडकीतून पायलटचा असिस्टंट कमरेपर्यंत बाहेर आला होता. मनात म्हटलं, तंबाखूचा खर्रा थुंकत असेल. आमच्याकडे माणूस खिडकीतून बाहेर आला की खर्रा थुंकायलाच येतो.

फोटो मोठा केला. हातात हिरवी झेंडी होती.

गेट मागे पडलेलं. गेट डावीकडे. हा उजवीकडे, जंगलाकडे, झेंडी दाखवत होता.

दुसरी गाडी काढली. पॅसेंजर. तिचाही असिस्टंट उजवीकडे बाहेर. तिसरी मालगाडी. पुन्हा तेच, आणि जागाही तीच, विजेचे दोन खांब जिथे जवळजवळ आहेत तिथे. तीन गाड्या, तीन वेगळी माणसं. ट्रॅकवर काम करणारा कोणी तिथे उभा असणार, असं मी स्वतःला सांगितलं. लाइन तपासत फिरणारा दसरू असतो, तो गाडी आली की बाजूला होऊन झेंडी दाखवतोच. पण माझ्या फोटोत ती जागा स्वच्छ दिसत होती. पालापाचोळा, एक पानं झडलेलं मोहाचं झाड, त्यापलीकडे सागाची खोडं. माणूस नव्हता.

संध्याकाळी दसरूला फोन केला. तो म्हणाला, "रविवारी मी कायले येतो भाऊ? माही सुट्टी असते."

३

दिनेश माझा शाळेपासूनचा मित्र, याच लाइनवर पायलट. नागभीड स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर त्याला गाठलं आणि मोबाइलवर फोटो दाखवला.

"हे तुमचे पोरं जंगलाले झेंडी दावतात काय बे?"

तो हसला. "जंगलाले नाई, बाईले."

"कोनत्या बाईले?"

"आता मले काय माहीत? वहिनी असते गेटवर, तिले मी देतो. मंग थोडं पुढं दुसरी असते, उजव्या हाताले. तिले असिस्टंट देते. नवीन पोस्टिंग असन."

"वळणावर पोस्टिंग? तिथी ना गेट ना खोली."

"अबे, जाकीट आहे, झेंडी आहे. झेंडीले उत्तर देनं आपलं काम. पोस्टिंग कोनाची आहे हे पाहनं आपलं काम नाई."

"दिसते कशी?"

दिनेशनं चहा फुंकला. "त्या स्पीडमंदी तोंड कोन पाहते? आमी जाकीट पाहतो न झेंडी पाहतो. पन उंची वहिनीयेवढीच आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू तर तिथीच बसून असते ना रविवारी? तुले नाई दिसली?"

मी म्हटलं, असेल कोणी. चहा गार झाला होता, तो तसाच पिऊन टाकला.

४

त्या जागेवर जाऊन आलो. जायलाच हवं होतं, नाहीतर मी फोटोग्राफर कसला. दोन खांबांच्या मध्ये उभा राहिलो. पायाखाली सागाची पानं इतकी वाळलेली की पाऊल टाकलं तर दूरवर आवाज जावा. कोणाच्या पावलाचा मागमूस नाही. मोहाची फुलं पडली होती, तीही कोणी वेचलेली नव्हती. आमच्या भागात मोह पडून राहत नाही, पहाटेच टोपली घेऊन बाया येतात. इथे जाडसर थर साचून आंबला होता आणि त्याचा वास डोक्यात जात होता.

मालगाडी आली तेव्हा मी तिथेच होतो. मुद्दाम हात वर केला. म्हटलं, आता असिस्टंट मला झेंडी दाखवेल आणि विषय संपेल. गाडी गेटवरून पुढे आली, आणि माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच उजवीकडून हात बाहेर आला, झेंडी हलली, आत गेली. माझ्यासमोरून जाताना असिस्टंट सरळ पुढे बघत होता. मी हात तसाच वर धरून उभा.

झेंडी आता एक खांब अलीकडे हलली होती. गेटच्या बाजूला.

घरी येऊन जुने फोटो काढले. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यापासूनचे. उजवीकडचा हात आधीही होता, मीच पाहिला नव्हता, कारण तेव्हा तो वळणाच्या पार शेवटी होता, झाडांच्या सावलीत. दिवाळीला वळणाच्या मध्यावर. आता मार्च संपताना गेटपासून हाकेच्या अंतरावर. प्रत्येक फोटोत हात, झेंडी, आणि समोर रिकामं रान. मी खुर्चीतून उठलो आणि स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढलं. भरदुपारी. मला भीती वाटत होती, आणि ती माझ्यासाठी नव्हती.

ललिताला सांगितलं. म्हटलं, बदली मागून घे.

"काऊन?"

"मले बरं नाई वाटून राह्यलं."

"तुमाले बरं वाटावं म्हनून मी नोकरी सोडू? वाघ खोलीच्या दारात येऊन गेला तवा तर म्हनत होते, फोटो काऊन नाई काढला म्हनून." ती भाजी निवडत होती, मान वर न करता हसली. "तिथी लाइनखालून रस्त्याले बोगदा होऊन राह्यला आहे. तो झाला की गेटच बंद होते. तवापर्यंत मी कुठीच जात नाई."

"तिथी तुले कोनी दिसते का, लाइनच्या पलीकडं?"

हात थांबला तिचा. "दिसत नाई," ती म्हणाली. "पन गाडी गेल्यावर कधी कधी वाटते, माह्या मांगून झेंडी गुंडाळल्याचा आवाज आला. मी तर माही अजून गुंडाळलीच नसते."

मग लगेच म्हणाली, "कायले विचारता असं? मले एकटीले राहा लागते तिथी."

५

मी स्वतःला हुशार समजणारा माणूस. उपाय काढला. ती जी कोण आहे तिला उत्तर मिळतं, म्हणून ती पुढे सरकते. उत्तरच मिळालं नाही तर? दिनेशला गाठलं.

"पोरायले सांग, त्या गेटवर एकदाच झेंडी द्यायची. दोनदा नाई."

"अन् वरून कोनी विचारलं तं?"

"गेट एक आहे ना बे? मंग उत्तरबी एकच. माह्यासाठी कर."

दिनेशनं मान हलवली. नियमात बसत होतं, म्हणून त्याला पटलं. त्यानं सगळ्यांना सांगितलं, अस्वलखोरीला एक गेट, एक झेंडी, एक उत्तर. मी त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ललिताला घ्यायला गेलो तर ती खोलीच्या पायरीवर बसलेली. जाकीट अंगात तसंच.

"आज कोनीच मले उत्तर नाई देलं," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"सकाळपासून एकाही गाडीनं नाई. पायलट सरळ पाहून जाते. मी झेंडी हालवून राह्यली, हात दुखला, पन जसं काई मी नाईच तिथी." तिचे डोळे भरले होते. ललिता रडणारी बाई नाही, मी तिला तिचा बाप गेला तेव्हाच रडताना पाहिलं आहे. "असिस्टंट मातर देते. पन तिकडं. लाइनच्या पलीकडं. माह्या समोर."

एकच उत्तर द्या, असं मीच सांगितलं होतं. कोणाला द्यायचं ते सांगायचं राहून गेलं होतं.

दिनेशला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "देऊन राह्यले ना बे एकच. गेटवर एकच बाई दिसते आता. उजव्या हाताले."

"अन् डाव्या हाताले? खोलीसमोर?"

"तिथी कोनीच नसते. मले वाटलं वहिनी सुट्टीवर आहे."

ललिता माझ्या शेजारी उभी होती. तिनं फोनमधलं सगळं ऐकलं.

६

तिनं नोकरीवर जायचं थांबवलं नाही. म्हणाली, रिलिव्हर नसताना गेट कसं सोडू, लोकांचे जीव आहेत. ताप अंगात असतानाही तिनं कधी बदलीचा माणूस आल्याशिवाय गेट सोडलेलं नाही. मी म्हटलं, मग मीही येतो. स्टुडिओ बंद ठेवला. ती म्हणाली, खोलीत बसू नका, साहेब लोक पाहतात, तुमी आपल्या जागेवर बसा. मी उंचवट्यावर जाऊन बसलो. लांब लेन्स लावली आणि गेटवरून नजर हटवली नाही.

दुपार झाली. उन्हानं रुळांवरची हवा थरथरत होती. रान गप्प होतं, एक टकाचोर पाखरू सोडलं तर काही नाही. गेटचा फोन वाजल्याचा बारीक आवाज इथपर्यंत आला. ललिता बाहेर आली, गेट लावलं, जाकीट ठीक केलं, झेंडी घेऊन उभी राहिली. मी तिला पाहत होतो. तिनं माझ्या दिशेनं पाहिलं आणि पदरानं घाम पुसला.

कोळशाची मालगाडी आली. इंजिन गेटजवळ पोचत होतं तेव्हा लाइनच्या पलीकडे मला नारंगी काहीतरी दिसलं. मी लेन्स तिकडे वळवेपर्यंत गाडी मध्ये आली. मग फक्त डबे. एकामागून एक, काळे, संपेचनात. इंजिन माझ्यासमोरून गेलं, मी पाहिलंही नाही. बोट बटणावर होतं आणि एकही फोटो काढला नाही मी.

शेवटचा डबा गेटवरून सरकला. धूळ उडाली होती. ती खाली बसली तेव्हा लाइनच्या पलीकडे कोणी नव्हतं.

खोलीसमोर दोघी होत्या.

एकीचं तोंड रुळांकडे. झेंडी धरलेला हात अजून तसाच लांब केलेला. दुसरी तिच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा, आणि तिनं तोंड माझ्याकडे केलेलं होतं. जाकीट तेच, साडी तीच. चेहरे त्या उन्हात वितळल्यासारखे, नाक-डोळे काही कळेना.

मी काय करावं? ओरडलो असतो तर गाडीच्या खडखडाटात ऐकू गेलं नसतं. मी मोबाइल काढला आणि ललिताला फोन लावला. एका हातात फोन, एका हातात कॅमेरा. म्हटलं, फोन जी उचलेल ती माझी.

माझ्याकडे तोंड केलेलीनं कमरेचा मोबाइल काढला आणि कानाला लावला.

"बोला," ललिताचा आवाज. तोच, थोडा घसा बसलेला.

"तुह्या बाजूले कोन आहे?"

"कोनीच नाई. ऊन लागलं काय तुमाले?"

"घरी चाल. आत्ताच्या आत्ता. मी गाडी घेऊन येतो."

"या," ती म्हणाली.

झेंडीवाली हलली नव्हती. गाडी दूर गेली, आवाजही विरला, तरी हात तसाच.

उंचवट्यावरून फटफटीनं गेटवर यायचं तर रानातून फिरून यावं लागतं, तेवढा वेळ काही दिसत नाही. मी पडत-झडत आलो. पोचलो तर ललिता रस्त्यावर पिशवी घेऊन तयार उभी. एकटी. खोलीला कुलूप. आत फोन वाजत होता, स्टेशनवरून असणार. वाजतच होता.

"चला," म्हणाली आणि मागे बसली. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी काही विचारलं नाही. रिलिव्हरचंही नाही. नागभीड येईपर्यंत तिचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि मी देवाला न मानणारा माणूस, मनात बुद्धवंदना म्हणत होतो.

७

त्याला आता आठवडा होऊन गेला. ललिता घरीच आहे. आजारपणाची रजा टाकली, बदलीचा अर्ज मी लिहिला, तिनं सही केली. गेटवर दुसरा माणूस आला.

मी तपासलं. माणूस तपासणारच. लग्नातल्या गोष्टी विचारल्या, तिच्या बापाबद्दल विचारलं, परीक्षेत कोणत्या प्रश्नाला अडली होती ते विचारलं. सगळं बरोबर सांगते. भाजीत तिखट तेवढंच. माझ्यावर चिडते तशीच. फक्त मागून हाक मारली की आधी तिचा उजवा हात वर जातो, आणि मग ती वळते. सवय असेल. इतकी वर्षं झेंडी धरली आहे.

आज दुपारी दिनेशचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"चंदन, वहिनी ड्युटीवर गेली काय रे?"

"नाई. घरी आहे."

पलीकडे तो कोणाला तरी म्हणाला, 'घरी आहे म्हनते.'

"दिनेश?"

"अस्वलखोरीच्या वळनावर होती बे. उजव्या हाताले, ते दोन खांब आहे ना, त्याहूनबी पुढं, रानात. झेंडी नव्हती हातात. दोन्ही हात वर केले होते."

"म्हंजे?"

"झेंडी नसली अन् गाडी थांबवायची असली की दोन्ही हात वर करतात. धोका म्हनून. मी ब्रेक मारला. गाडी घसटत घसटत आली तिच्यापाशी, म्हनून या खेपेले तोंड दिसलं. वहिनीच होती, माह्या आईची शप्पथ. रडून राह्यली होती. काईतरी ओरडत होती, पन काचेतून ऐकू नाई आलं. उतरून पाह्यलं तं कोनीच नाई." त्याला धाप लागली होती. "आजच नाई, तीन दिवसापासून सगळे पायलट हेच सांगून राह्यले. परतेक गाडी थांबवते ती. पन मले सांग, वहिनी घरी आहे ना?"

मी फोन ठेवला. फटफटीची किल्ली खुंटीवर होती, ती घेतली, चप्पल पायात सरकवली. अस्वलखोरी इथून अर्ध्या तासावर. मला फक्त एवढंच सुचत होतं की ती तिथे हात वर करून उभी आहे आणि मी तिला सोडून आलो.

"कोनाचा फोन होता?"

ती स्वयंपाकघराच्या दारात होती. हाताला पीठ.

"दिनेशचा."

"काय म्हने?"

"काई नाई."

तिनं माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. मग माझ्या बाजूनं पुढे गेली, दाराला आतून कडी घातली, किल्ली माझ्या हातातून अलगद काढून घेतली आणि खुंटीला अडकवली. पीठ लागलं किल्लीला.

"येवढ्या उन्हाचं कुठी जाता?" ती म्हणाली. "जेवून घ्या."

मी चप्पल काढली, हात धुतले आणि ताटावर बसलो.